सातबारा पंधरा रुपयांत, वारस नोंद मात्र भाऊसाहेबांच्या टेबलावर

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा): पाचपैकी साडेचार. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन अर्ज प्रणालीतून वारस नोंद (मयताच्या जागी वारसांची नावं लावणं): पाचपैकी अडीच, आणि त्यातला दीड नुसत्या अर्ज क्रमांकाला. तालुक्याच्या गावातल्या ज्या सेवा केंद्रात आमचे कागद आधी गेले ते केंद्र: एक, तोही पंखा चालू होता म्हणून.

मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जमाबंदी, कुळकायदा, आस्थापना, फौजदारी अशी बरीच संकलनं (कचेरीतले विभाग) फिरले. दुय्यम सेवा परीक्षा दिली, महसूल अर्हता परीक्षा दिली, यशदात, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रशिक्षण संस्थेत, जाऊन प्रशिक्षणंही घेतली. त्यामुळे काउंटरची आतली बाजू मला पाठ आहे. आई गेल्यावर तिच्या नावची जमीन आम्हा तिघा भावंडांच्या नावावर लावायची म्हणून बाहेरच्या बाजूला उभी राहिले, तेव्हा कुठली गोष्ट खरोखर बदलली आणि कुठली फक्त संगणकावर चढली हे बघायची आयतीच सोय झाली. गावाचं, सजाचं (तलाठ्याच्या हद्दीचं), केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथला तलाठी तरुण आहे, चार गावं सांभाळतो, आणि मी सांगतेय ते थोड्याफार फरकानं बऱ्याच ठिकाणी चालतं. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं ठरलंय. गावात अजून तलाठी भाऊसाहेबच.)

सातबाऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथं कौतुक करायला जागा आहे.

ज्यांनी फक्त मोबाइलवरचा सातबारा पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी उतारा म्हणजे तलाठ्यानं हातानं लिहिलेली नक्कल. तलाठी सजावर कधी असेल ते कोतवालाला माहीत, आणि कोतवाल कुठं असेल ते कुणालाच नाही. दप्तर बऱ्याचदा तलाठ्याच्या भाड्याच्या खोलीत किंवा त्याच्या गाडीला अडकवलेल्या पिशवीत. नक्कल फी ठरलेली होती, पण चहापाण्याचा आकडा हंगामावर असे. पीककर्जाच्या दिवसांत तो चढायचा. हा सगळा खटाटोप जमीन विकायला नव्हे, पीककर्जाच्या सोसायटीत नुसता कागद जोडायला.

आता जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, १५ रुपये भरायचे, की डिजिटल सहीचा सातबारा हातात. नुसता बघायचा असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, फक्त तो माहितीपुरता. बँकेला, कोर्टाला द्यायचा तर १५ रुपयांचा घ्या. त्यावर क्यूआर कोड असतो, वर महाराष्ट्र शासनाची मुद्रा असते, आणि सही-शिक्क्याची गरज नसल्याचं त्याच कागदावर छापलेलं असतं. तरीही कुणी ‘तलाठ्याचा शिक्का आणा’ म्हणालं तर ती ओळ बोटानं दाखवायची. मी दाखवली. समोरच्यानं चष्मा लावून वाचली आणि पुढचा कागद मागितला.

ही सेवा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून सुरू झाली. त्यामागची मेहनत मात्र त्याच्या खूप आधीची. राज्यात अडीच कोटींहून जास्त सातबारे. हस्तलिखितावरून संगणकावर चढवताना किती चुका शिरल्या असतील याचा अंदाज करा. कुणाचं नाव ‘पांडुरंग’चं ‘पांडूरग’ झालं, कुणाचे आर हेक्टरात गेले, कुणाचा पोटखराबाच (लागवडीला न येणारा भाग) गायब. म्हणून २०१७ साली चावडी वाचन झालं. गावोगावी मारुतीच्या देवळात नाहीतर शाळेत बसून सातबारे मोठ्यानं वाचायचे, आणि लोकांनी चूक असेल तर सांगायचं. मी त्या वेळी एका महसूल मंडळात (काही सजांच्या गटात) देखरेखीला होते. वाचता वाचता मेलेल्या माणसांची नावं एकामागून एक यायची, आणि मागून आवाज यायचा, ‘ते गेले, पुढं वाचा.’ मेलेली माणसं मालक म्हणून कागदावर जिवंत, आणि वारस शेतात राबतायत पण कागदावर नाहीत, हे चित्र आकड्यांतून जेवढं कळत नाही तेवढं त्या देवळात कळलं.

लोकप्रशासन शिकवणारे माक्स वेबरचं नाव घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. आम्हालाही यशदात त्याच्या नोकरशाहीची लक्षणं शिकवली: लिखित नियम, श्रेणी, लेखी अभिलेख, पद वेगळं आणि पदावरचा माणूस वेगळा. वर्गात निम्मे लोक पेंगत होते. मला मात्र शेवटचा मुद्दा लगेच पटला, कारण महाराष्ट्रात त्याचा इतिहास आहे. गावचे कागद पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्यांच्या घरात राहत. कागद ज्याच्या घरात, त्याच्याकडे गाव गहाण. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं जायला १९५० चा कायदा यावा लागला. म्हणजे वतन गेलं, पगारी नोकर आला, पण दप्तर शेवटी एका माणसाच्या पिशवीतच राहिलं. ते पिशवीतून काढून सर्वांसमोर ठेवण्याचं काम या १५ रुपयांच्या सेवेनं केलं. इथं तलाठ्याला ठरवायचं काही उरत नाही, आणि म्हणून अडवायलाही काही उरत नाही. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी की जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी), कडईपत्रकं, फाळणीबारा अशा जुन्या कागदांसाठी अजून बहुतेक ठिकाणी अभिलेख कक्षाच्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि संगणकावर चढलेली जुनी चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज द्यावा लागतो. चूक खात्याची, हेलपाटा खातेदाराचा.

आता वारस नोंद.

कायदा सोपा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९: वारसाहक्कानं अधिकार मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी (खबर) द्यायची. मग वारस प्रकरणांची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६-क, मंडळ अधिकाऱ्यांकडून वारस ठरणं, मग नमुना ६ मध्ये फेरफार, हितसंबंधितांना कलम १५० ची नोटीस, पंधरा दिवस हरकतीची वाट, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही ६-अ, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि सातबारा बदलणार. ई-हक्क प्रणालीत हीच वर्दी घरबसल्या देता येते. वारस नोंदीखेरीज बोजा (कर्जाची नोंद) चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं, अज्ञानाच्या (अल्पवयीनाच्या) पालनकर्त्याचा शेरा काढणं, एकत्र कुटुंब म्यानेजरची नोंद कमी करणं, विश्वस्तांची नावं बदलणं, हेही त्यातच.

मी गावी पोचायच्या आधी भावानं तालुक्याच्या त्या सेवा केंद्रात कागद देऊन ठेवले होते. ‘ताई, तुझी फक्त सही बाकी आहे,’ म्हणाला. गेले. दरफलक भिंतीवर होता, त्याच्यावर एका बी-बियाणे कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर उचलून दर वाचला. भावाकडून घेतलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट निघाली, आणि पावती नव्हती. ते मी एक वेळ सोडलं असतं. पण भरलेला मसुदा मागितला तर वारस म्हणून एकटा भाऊ. मी आणि धाकटी कुठंच नाही.

‘अहो, आम्ही दोघी?’

‘मॅडम, बहिणींची नावं नंतर हक्कसोडानं कमीच करतात सगळे. आधी लावायची, मग काढायची, दुप्पट काम. सरळ एकच नाव टाकतो, तलाठी बहिणींचा जबाब घेतील.’

तो मुलगा हे अगदी मदतीच्या सुरात सांगत होता. मला राग त्याच्यापेक्षा त्या सुराचा आला. ‘बहिणींचा जबाब’ हा प्रकार मी नोकरीत पुष्कळ पाहिला. कोऱ्या कागदावर ‘आम्हास हिस्सा नको’ लिहून बहिणीचा अंगठा घ्यायचा आणि फेरफारात तिचं नाव गाळायचं. जमिनीतला हक्क असा सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, आणि सोडायला तो आधी नावावर लागलेला बरा. आईच्या मिळकतीत मुलगा-मुलगी सारखेच वारस, यात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वाद नाही. वडिलोपार्जित मिळकतीचं प्रकरण वेगळं आणि लांब आहे: महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ ची, केंद्राची २००५ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२० चा. पण आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. भाऊ गोरामोरा झाला. त्याच्या मनात काही नव्हतं, त्यानं मसुदा वाचलाच नव्हता. सगळे असंच करतात.

इथं थांबून एक सांगते, कारण प्रशासनावरच्या चर्चेत हे क्वचित येतं. सेवा केंद्र हा सरकारी अधिकारी नाही. सहीचा अधिकार त्याच्याकडे नाही, शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर होत नाही. पण अर्जात काय लिहायचं हे तो ठरवतो, आणि पुढची सारी यंत्रणा त्या अर्जावर चालते. कारकुनाचा अधिकार काढून घेतला म्हणताना तो हळूच काउंटरच्या बाहेर, कमिशनवर काम करणाऱ्या मुलाकडे सरकला. पूर्वी काही तलाठी स्वतःच्या खिशातून माणूस ठेवत, त्याला गावात झिरो तलाठी म्हणत. झिरोला निदान गावातली वंशावळ तोंडपाठ असे.

मसुदा रद्द करायला लावला, कागद परत घेतले, आणि रात्री भाचीच्या लॅपटॉपवर मीच अर्ज भरला. अवघड नाही. मराठीत आहे, रकाने नेहमीचे आहेत, मृत्यू दाखला आणि वारसांचं स्वयंघोषणापत्र स्कॅन करून जोडायचं. अर्ज गेला की क्रमांक येतो. या क्रमांकाला मी दीड गुण का दिला ते ऐका. आमच्या काळी वर्दी अर्ज तलाठ्याच्या हातात द्यायचा. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला की अर्ज दिला होता याचा पुरावा देव आणि तलाठी या दोघांकडेच. आवक बारनिशीत (आलेल्या कागदांच्या वहीत) नोंद घेऊन पोच देणारा तलाठी दुर्मीळ, कारण पोच दिली की तारीख लागली, आणि तारीख लागली की विलंब मोजता येतो. आता पोच देणं-न देणं त्याच्या हातातच नाही. अर्ज अस्तित्वात आहे, एवढं तरी कुणाला नाकारता येत नाही.

यापुढे मात्र गाडी ओळखीच्या वळणावर आली.

बरेच दिवस हालचाल नाही. मग मुदत संपत आली तशी त्रुटी: ‘मृत्यू दाखला अस्पष्ट.’ दाखला स्पष्ट होता. तरी पुन्हा स्कॅन करून चढवला. पुन्हा शांतता. पुन्हा त्याच सुमाराला दुसरी त्रुटी: ‘वंशावळ जोडावी.’ पहिल्याच वेळी दोन्ही सांगता आलं असतं. हे मी लगेच ओळखलं. एकेक त्रुटी सुट्टी काढायची, आणि ती मुदतीच्या टोकाला काढायची, ही कला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फरक एवढाच की पूर्वी ती वरिष्ठांच्या तपासणीपासून वाचायला वापरत, आता मुदत उलटली की पडद्यावर येणाऱ्या लाल रंगापासून.

यामागची गंमत कायद्यातच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. असा कायदा आणणारं पहिलं राज्य मध्य प्रदेश, २०१० साली. आपण त्यामागून आलो. कल्पना चांगली: प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, एक पदनिर्देशित अधिकारी, खात्यातच दोन अपिलं, वर आयोग, आणि विनाकारण उशीर केला तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे कोण ठरवणार? ज्याच्यावर मुदत आहे तोच. घड्याळाला किल्ली द्यायचं काम घड्याळाच्या भीतीनं काम करणाऱ्याकडेच दिल्यावर दुसरं काय होणार?

त्याआधी आपल्याकडे नागरिकांची सनद आली. ती ब्रिटनमध्ये १९९१ साली निघाली, दिल्लीत मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर १९९७ मध्ये आपण स्वीकारली, आणि आमच्या कचेरीत एका मोठ्या फ्लेक्सच्या रूपानं दारामागं उभी राहिली. मग बदल्यांचा आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा, अण्णा हजारेंच्या आंदोलनांच्या रेट्यातून आलेला. त्यात कुठलीही फाइल कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहायला नको असं लिहिलंय. आम्ही फाइल सातव्या दिवशी ‘चर्चा करावी’ शेरा मारून शेजारच्या टेबलावर सरकवत असू. फाइल फिरती, कुणाकडेच अडलेली नाही.

मुदतीच्या कायद्यांपेक्षा मला नेहमी लखिना पॅटर्न जास्त शहाणा वाटला. अनिलकुमार लखिना १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी भाषणं न करता आधी कपाटं उघडली. कोणता कागद किती काळ ठेवायचा, कोण कुठं बसणार, आलेल्या माणसाला ते बाहेरूनच कसं कळणार, कामाची पायरी कोणती आणि ती कुणाची, हे सगळं लिहून काढलं. अभिलेखांची अ, ब, क, ड वर्गवारी पूर्वीपासून होतीच, अ कायमचा आणि ड वर्षभरात नष्ट करायचा. पण पाळत कोण होतं? पुढं पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सी (प्रलंबित काम शून्यावर आणायची पद्धत) आली, तिचाही पाया हाच: टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करा, मग बोला. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. पहिल्यांदा गठ्ठे बांधले तेव्हा माझ्या टेबलावरच्या ढिगातलं खरं प्रलंबित काम एका मांडीवर मावेल एवढंच निघालं. बाकी सगळी नुसती दहशत. उशीर बहुतेक वेळा दुष्टपणातून येत नाही, पसाऱ्यातून येतो, आणि दुष्टपणाला लपायला पसारा फार सोयीचा पडतो.

ई-हक्कमध्ये गठ्ठे आपोआप होतात हे खरं. पण झिरो पेंडन्सीत जो दोष शिरला तोच इथंही आहे. निकाली काढलेल्या अर्जांची संख्या मोजली जाते. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज पडद्यावर तलाठ्याच्या बाजूनं मोकळा. अर्जदाराचं काम झालं का, हा रकाना नाही.

शेवटी सजावर गेले. भाऊसाहेब होते. मी कोण ते सांगितलं नाही. चपला काढून बाकावर बसले. माझा नंबर आल्यावर त्यानं अर्ज उघडला, ‘मावशी, वंशावळीवर तिघांच्याही सह्या पाहिजेत,’ म्हणाला. त्या होत्या, त्यानं दुसरं पान उघडलं नव्हतं. मग जरा ओशाळून त्यानं आपणहून पडदा माझ्याकडे वळवला. अवकाळीचे पंचनामे, ई-पीक पाहणीत शेतकऱ्यांनी नोंदवलेल्या पिकांची पडताळणी, शेतकरी ओळख क्रमांक, निवडणुकीचं काम, वर रोज संध्याकाळी व्हीसीत, म्हणजे वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीत, विचारतात ते आकडे. ‘व्हीसीत ज्याचं विचारतात ते आधी करतो,’ म्हणाला. त्या दिवसांत वारस नोंदीचं कुणी विचारत नव्हतं.

यशदातल्या एका व्याख्यात्यानं आम्हाला एक सिद्धांत सांगितला होता, अमेरिकेत १९८० साली मांडलेला: धोरण मंत्रालयात नव्हे, शेवटच्या टेबलावर तयार होतं. शिक्षक, पोलीस, समाजकल्याणाचा कर्मचारी, यांच्याकडे माणसं जास्त आणि वेळ कमी. मग ते वेळेचं रेशनिंग करतात, सोपी प्रकरणं पुढं घेतात, चिकट प्रकरणं थकवतात, आणि तेच प्रत्यक्षातलं धोरण. तेव्हा मागच्या बाकावर आम्ही हसलो होतो, हे सांगायला अमेरिका कशाला हवी म्हणून. त्या सजावर ते जसंच्या तसं समोर होतं. वेळ वाचावा म्हणून आणलेलं प्रत्येक ॲप त्या पोराच्या फोनवर एक नवा आकडा होऊन बसलंय.

२०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम राज्यभर झाली, सुरुवात बुलढाण्यातून. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. त्या काळात ज्यांची कामं झाली त्यांना विचारा, भराभर झाली. तोच तलाठी, तोच कायदा, तेच पंधरा दिवस; फक्त व्हीसीत वारस नोंदीचं विचारत होते. मला मोहिमांचा राग नाही, कित्येक घरांचा घोळ त्यात सुटला. पण मोहिमेत जे महिन्यात होतं ते एरवी का होत नाही, हा प्रश्न मोहिमेच्या अहवालात कुणी लिहीत नाही. माणूस काही मोहीम बघून मरत नाही.

‘मग अपील का नाही केलंत?’ असं भाचीनं विचारलं. मला करता आलं असतं, नमुनाही पाठ आहे. केलं नाही, कारण मी परत पुण्याला येणार, आणि भाऊ त्याच सजात राहणार. उद्या विहिरीची नोंद, परवा पंचनामा, तेरवा दाखला. ज्याच्याविरुद्ध अपील करायचं त्याच्याकडेच पुढची सगळी कामं असतात. सेवा हक्क आयोगाचं ब्रीद ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ आहे, आयोग गंभीरपणे काम करतो हेही मला माहीत आहे. पण गावात राहणाऱ्या माणसाला आयोग लांब आणि तलाठी रोज दिसणारा. मुदत उलटली की अर्जदारानं न मागता अपील आपोआप वर गेलं, तर हा संकोच संपेल. संगणकाला क्रमांक देता येतो तसं हेही करता येईल.

त्या भेटीनंतर काम सरळ झालं. फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या, भावानं सही केली, मला पुण्याच्या पत्त्यावर आली, धाकटीला सासरी. कुणाची हरकत नव्हती. सर्कल साहेबांनी (मंडळ अधिकाऱ्यांनी) नोंद प्रमाणित केली. मी घरबसल्या १५ रुपये भरून नवा सातबारा काढला. आईच्या नावावर आडवी रेघ, खाली आम्ही तिघं.

म्हणून गुण अडीच. प्रणाली वाईट नाही. जिथं नुसता कागद द्यायचा तिथं ती उत्तम आहे. जिथं कुणीतरी बघून ठरवायचं असतं, तिथं तिनं माणसाला हटवलेलं नाही, फक्त त्याच्या मागे एक घड्याळ लावलंय, आणि त्या घड्याळाशी कसं वागायचं ते माणूस शिकलाय.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी अर्ज शक्यतो स्वतः भरावा. केंद्रातून भरला तर पाठवायच्या आधी मसुदा मागून वारसांची नावं एकेक वाचावीत, विशेषतः बहिणींची. वंशावळ मागितली नसली तरी पहिल्याच वेळी जोडावी. दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघावी, कारण त्रुटी निघाल्याचा संदेश फोनवर येईलच असं धरून चालू नये. नोटीस आली की लगेच सही करून परत द्यावी, पंधरा दिवस तिथूनही लांबतात. आणि नोंद प्रमाणित झाल्याबरोबर नवा सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढून नाव, क्षेत्र, आकार, इतर अधिकारातला बोजा हे जुन्याशी ताडून बघावं. लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ आहे, पण नोंदच चुकीची झाली असेल तर अपील प्रांतसाहेबांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे), आणि त्याला साठ दिवसांची मुदत आहे. ही मुदत मात्र काटेकोर मोजतात.